वेतन वेगळे, कसोटी एक

संगणकाच्या जगात ‘मुक्त-स्रोत’ या नावाची एक मोठी सामाईक मालमत्ता आहे. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली आरंभिलेली लिनक्स प्रणाली हे तिचे ठळक उदाहरण. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनही तिच्याच गाभ्यावर चालतो. तिचा कोड कोणीही वाचावा, सुधारावा आणि दुरुस्ती तपासणीसाठी पाठवावी, अशी ही व्यवस्था. आज तिच्या गाभ्यातील बहुतेक बदल कंपन्यांचे पगारदार अभियंते करतात; त्यांच्याच शेजारी बिनपगारी स्वयंसेवकही राबत असतात. या दोघांचे काम एकाच तराजूने तोलले जाते काय?

अशा प्रकल्पांत दुर्मिळ असतो तो कोड नव्हे, तर तपासनिसाचा वेळ. नोकरदाराचा तपासनीस अनेकदा त्याच्याच कंपनीतील सहकारी असतो. तपासणे हा त्याच्या नोकरीचाच भाग. स्वयंसेवकाने रात्री जागून केलेली दुरुस्ती मात्र रांगेत पडून राहते. पुष्कळदा ‘नाकारली’ एवढाही निरोप येत नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. तपासनिसाचे वेतन त्या देतात. शिवाय उद्या दोष निघाल्यास नोकरदार जागेवर सापडतो, स्वयंसेवक सापडेलच असे नाही. म्हणून कामाचा क्रम लावताना त्यांनी आपली निकड पाहिली, तर ते समजण्याजोगे आहे. परंतु क्रम निराळा आणि कसोटी निराळी. क्रमात अंतर पडले तर विलंब होतो. कसोटीत अंतर पडले तर सामाईक मालमत्ता नावापुरतीच सामाईक उरते.

अर्थात, समान कसोटी म्हणजे सवलत नव्हे. ‘एक्सझेड’ या छोट्या, पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचा भार प्रामुख्याने एका बिनपगारी माणसावर होता. दोनएक वर्षे मदत करून विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याने २०२४ साली त्यात चोरवाट घातली. लॉगिनला अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून मायक्रोसॉफ्टमधील एका अभियंत्याला संशय आला आणि मोठा अनर्थ टळला. यावरून स्वयंसेवक अविश्वसनीय ठरत नाहीत. परिचय हा तपासणीला पर्याय नव्हे, एवढेच ठरते. आणि हा धडा एकाच कचेरीत बसणाऱ्या दोन पगारदारांनाही तितकाच लागू आहे.

मार्ग अवघड नाही. १९९९ साली स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये सभासद व्यक्ती म्हणून काम करतो, कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नव्हे. आणि कोडमधील बदल रोखणाऱ्यास तांत्रिक कारण द्यावे लागते, अन्यथा तो नकाराधिकार ग्राह्य धरला जात नाही. याला दोन गोष्टींची जोड हवी: एकाच कंपनीतील सहकाऱ्याची संमती पुरेशी मानू नये, आणि या मालमत्तेवर नफा कमावणाऱ्यांनी बाहेरच्यांचे काम तपासण्यासाठीही पगारी तास राखून ठेवावेत.

उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आसनक्रमांक का असतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. कोडवर मात्र नाव असतेच. तेथे आसनक्रमांकाचे काम लेखी कारणानेच करावयाचे आहे.