'वेन्ट' टिकलं, 'होल्प' का गेलं?

पहिलीपासूनच्या हिंदीवरून जून २०२५ मध्ये जे रान पेटलं आणि राज्य शासनाला त्याबाबतचे दोन्ही निर्णय कसे मागे घ्यावे लागले, ते वाचकांना ठाऊक आहे. पहिलीपासूनची इंग्रजी मात्र २००० सालापासून सुखाने नांदते आहे. ती शिकवतात कशी, यावर त्या गदारोळात फारसं काही माझ्या कानावर आलं नाही. वर्गात अजूनही राज्य आहे ते तीन रूपांच्या तक्त्याचं. गो-वेन्ट-गॉन, ईट-एट-ईटन, पाढ्यांच्या चालीवर.

या तक्त्यातली वाकडी रूपं लहरीने उरलेली नाहीत. एरेझ लिबरमन, ज्याँ-बाप्तिस्त मिशेल आणि त्यांच्या हार्वर्डमधल्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा हिशेबच मांडला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यातली १४५ अनियमित राहिली, आज ९८. उरलेल्यांनी निमूट 'एड' लावून घेतलं. त्यांचा नियम थक्क करणारा आहे: वापर शंभरपट कमी असेल, तर क्रियापद दहापट लवकर सरळ होतं, म्हणजे वर्गमूळाच्या हिशेबाने. किरणोत्सारी पदार्थासारखं त्यांनी क्रियापदांचं अर्धायुष्यही काढलं. 'बी' आणि 'हॅव' यांच्या वाट्याला तब्बल ३८,८०० वर्षं आली!

कारण सरळ आहे. सतत कानावर पडणारं रूप डोक्यात राहतं; क्वचित पडणारं आठवत नाही, मग माणूस नियम लावून मोकळा होतो. 'हेल्प'चं जुनं रूप 'होल्प'; त्याचं जोडीदार रूप 'होल्पन' १६११ च्या किंग जेम्स बायबलात भेटतं. आज तिथे 'हेल्प्ड'च. पुढचा नंबर 'वेड'चा (म्हणजे लग्न करणं), असं भाकीत या मंडळींनी केलं आहे. मराठीतही जा-गेला, कर-केला, ये-आला, दे-दिला ही वाकडी मंडळी रोजच्या वापरातलीच.

अर्थात वर्गमूळाने सगळं उलगडत नाही. 'डिग्ड'चं 'डग' झालं, म्हणजे सरळ होतं ते वाकडं झालं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेलं 'स्नक' आता 'स्नीक्ड'च्या मांडीला मांडी लावून बसलं आहे. कधी एकाच क्रियापदाची दोन रूपं कामं वाटून घेतात: भिंतीवर चित्र 'हंग', फासावर माणूस 'हँग्ड'. आणि 'लर्न्ट' की 'लर्न्ड', 'बर्न्ट' की 'बर्न्ड'? दोन्ही चालतात, 'टी'वाली रूपं ब्रिटनमध्ये जास्त, 'एड'वाली अमेरिकेत. त्यातल्या एकावर लाल रेघ मारणाऱ्या शिक्षकांनी शब्दकोश उघडावा.

इंग्रजीतली सर्वांत जास्त वापरली जाणारी दहाही क्रियापदं अनियमित आहेत. शिकवायची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण तक्ते लावलेले असतात वर्णक्रमाने. 'अराइज-अरोज-अरिझन' माथ्यावर आणि 'टेक-टुक-टेकन' तळाशी. मूल आधी काय पाठ करतं? जे वर्षभरात एकदाही बोलायची वेळ येणार नाही ते. तक्ता फाडा असं माझं म्हणणं नाही; तो वापराच्या क्रमाने लावा आणि प्रत्येक रूप वाक्यातून मुलांच्या तोंडी येऊ द्या. बोलण्यातून गेलेली रूपं खुद्द इंग्रजांनाही टिकवता आली नाहीत. ती आमच्या आठवीतल्या पोरांनी नुसत्या घोकंपट्टीवर टिकवावीत, ही अपेक्षा कशासाठी?