नळी कुणाची?

साखर कारखाना बाहेरून पाहिला की ऊस आत जाताना दिसतो आणि साखरेची पोती बाहेर येताना दिसतात. मधल्या काळात कारखाना स्वतःला कसा चालवतो, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या खोऱ्यात रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, सांगलीचा वसंतदादा असे कारखाने उभे आहेत. गव्हाणीत मोळी पडून हंगाम सुरू झाला की या प्रत्येकात एक चक्र फिरायला लागतं आणि हंगाम संपेपर्यंत ते थांबू नये यासाठी शेकडो माणसं रात्रंदिवस राबतात.

दिवसाला 5000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात तासाला दोनशे टनांहून जास्त ऊस लागतो. त्यातला साधारण सत्तर टक्के भाग पाणीच असतं. रस काढल्यावर तासाला 50 ते 60 टन बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, उरतो आणि तोच बॉयलरचं इंधन होतो. एक टन बगॅस जाळला की साधारण दोन टन वाफ मिळते. ही वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेला एक्झॉस्ट म्हणतात. तिच्यात अजून भरपूर उष्णता असते. तीच पुढे हीटरमध्ये आणि इव्हॅपोरेटरमध्ये जाऊन रस तापवते, आटवते, आणि तिथे स्वतः थंड होऊन तिचं पाणी होतं. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. ते गरम आणि स्वच्छ असल्यामुळे पुन्हा बॉयलरला पाठवलं जातं. इव्हॅपोरेटरच्या भांड्यांना बॉडी म्हणतात; पहिल्या बॉडीतली वाफ दुसरीला तापवते. इंधन, वीज, वाफ, पाणी, सगळं आतल्या आत.

या चक्रात एक नाजूक जागा आहे. हीटरमध्ये शेकडो नळ्या असतात. नळीच्या आतून पंपाच्या दाबाने रस वाहतो आणि बाहेरून वाफ तिला वेढून असते. दोघांच्या मध्ये फक्त नळीचा पातळ पत्रा. त्याला बारीक छिद्र पडलं तरी रस कंडेन्सेटमध्ये उतरतो आणि तिथून थेट बॉयलरमध्ये जातो. बॉयलरच्या उष्णतेत साखरेचं विघटन होऊन आम्ल तयार होतं. पाण्याचा पीएच घसरतो, ड्रममध्ये फेस येतो, वाफेबरोबर पाणी आणि क्षार उडून टर्बाइनच्या पात्यांवर बसतात. दुर्लक्ष झालं तर बॉयलरच्या नळ्या फुटतात आणि कारखाना उभा राहतो. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते, तोडलेल्या उसातली साखर तासागणिक कमी होत जाते. उसाचा दर उताऱ्यावर ठरतो, त्यामुळे या नुकसानीची झळ शेवटी शेतकऱ्यापर्यंत पोचते.

सातारा-सांगलीच्या शिवेजवळच्या एका कारखान्यात गेल्या हंगामात मी रात्रपाळीला बसत होतो. लिहिण्यासाठी कारखान्याची परवानगी मिळाली होती. तिथले चीफ इंजिनिअर कराडच्या गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये शिकलेले, तर चीफ केमिस्ट मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून तयार झालेले. पूर्वीच्या एका हंगामात तिथे बॉयलरची नळी फुटली होती. चौकशीत इंजिनिअरिंग खात्याने लिहून दिलं की केमिस्टच्या प्रोसेस खात्याने साखर सोडली. प्रोसेसने लिहून दिलं की बॉयलरच्या पाण्याची निगा राखली गेली नव्हती. दोन्ही कागद व्यवस्थापनाकडे गेले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी कामापुरतंही बोलत नसत. निरोप हाताखालच्या माणसांकडून जायचे आणि महत्त्वाचं असेल ते रजिस्टरमध्ये लिहिलं जायचं. हे सगळ्या कामगारांना माहीत होतं आणि सगळे त्याच्या बेताने वागत.

एका रात्री दोनच्या सुमारास लॅबमधल्या मुलाने बॉयलर फीडचं सँपल घेतलं. साखरेची ही तपासणी जुनी आणि साधी आहे. परीक्षानळीत थोडं कंडेन्सेट घ्यायचं, त्यात अल्फा-नॅफ्थॉलच्या द्रावणाचे थेंब टाकायचे, मग नळी तिरकी धरून तिच्या कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल अगदी हळू सोडायचं. आम्ल जड असल्याने तळाशी जाऊन बसतं. पाण्यात साखर असेल तर दोन थरांच्या मध्ये जांभळी कडी उमटते. दहा लाख भागांत साखरेचे मोजके भाग असले तरी ती दिसते. मुलाने नळी दिव्यासमोर धरली. कडी फिकट होती, पण होती. त्याने नळ्या धुऊन, नवं सँपल आणून पुन्हा तपासलं. पुन्हा तीच कडी. त्याने फोन उचलला.

बॉयलर हाउसमध्ये तोपर्यंत गेज ग्लासमधली पाण्याची पातळी उड्या मारायला लागली होती. ड्रमच्या पाण्याचा पीएच दहाच्या वर असायला हवा, तो नऊच्या खाली आला होता. ब्लोडाउनचं, म्हणजे ड्रममधून सोडून दिलेलं, पाणी तपकिरी झालं होतं आणि त्याला जळलेल्या गुळासारखा वास येत होता. अटेंडंटने चीफ इंजिनिअरना बोलावलं, लॅबने चीफ केमिस्टना. दोघं कॉलनीतून निघून पाच-सात मिनिटांच्या अंतराने बॉयलरच्या प्लॅटफॉर्मवर पोचले.

दोघांची मतं वेगळी होती आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती. इंजिनिअरचं म्हणणं, सगळं कंडेन्सेट ताबडतोब ड्रेनला सोडा, बॉयलरला यापुढे साखरेचा एक थेंब नको. केमिस्टचं म्हणणं, सगळं सोडलं तर राखीव टाकीतलं पाणी दीड-दोन तासांत संपेल आणि मग बॉयलर बंदच करावा लागेल. रस निवळणाऱ्या क्लॅरिफायरमधला गरम रस तसाच पडून राहिला तर खराब होईल. गळती कुठे आहे ते शोधा आणि तेवढीच लाइन तोडा.

आता जुना वाद निघणार, असं तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटलं असावं. पण झालं वेगळंच. चीफ केमिस्ट म्हणाले, "साहेब, माझ्या माणसानं मघाशी फर्स्ट बॉडीतली लेव्हल वर ठेवली होती. रस वेपरबरोबर उडून सेकंडच्या कंडेन्सेटमध्ये आला असेल. पहिलं सँपल तिथलं घेतो."

इंजिनिअर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "दीड वाजता माझा एक्झॉस्ट पडला होता. बगॅस ओला आला. दहा-बारा मिनिटं प्रेशर निम्म्यावर होतं. फर्स्ट बॉडीत बारीक गळती असली तर तेवढ्या वेळात रस उलटा आला असणार. तेही बघा."

त्या रात्रीचं खरं काम इथे झालं, असं मला वाटतं. दोघांनीही आपल्याच खात्याची कच्ची बाजू आधी पुढे ठेवली. एरवी याच दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध पुरावा म्हणून वापरल्या गेल्या असत्या. त्या लपल्या असत्या, तर गळती शोधणारा चुकीच्या टोकापासून सुरुवात करून टाकीतलं पाणी संपवून बसला असता.

मग वाटणी झाली. कंडेन्सेट ड्रेनला सोडून बॉयलरला राखीव टाकीतून पाणी सुरू झालं. मिल बंद न करता सावकाश घेतली. ड्रमचं ब्लोडाउन चालू ठेवलं, पीएच सावरायला कॉस्टिक आणि ट्रायसोडियम फॉस्फेटचं डोसिंग वाढवलं. एक खलाशी टाकीच्या पातळीवर नजर ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा ओरडत होता. लॅबची दोन माणसं प्रत्येक बॉडीच्या, प्रत्येक हीटरच्या आउटलेटवरून बाटल्या भरून पळत होती. केमिस्ट परीक्षानळी दिव्याकडे धरून वाचत आणि इंजिनिअर पाटीवर खडूने लिहीत. फर्स्ट बॉडी, कडी नाही. सेकंड बॉडी, अगदी फिकट. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा नाही. एका हीटरचं स्वच्छ. मग क्लिअर ज्यूस हीटरची बाटली आली आणि नळीत गडद जांभळी कडी दिसली.

इंजिनिअरनी फिटरला हाक मारली. स्टँडबाय हीटर लाइनमध्ये आला, गळका हीटर बाजूला झाला. हळूहळू कड्या फिकट होत गेल्या आणि पाळी बदलायच्या आत कंडेन्सेट पुन्हा बॉयलरला जाऊ लागलं. दिवस उजाडल्यावर हीटरची दोन्ही झाकणं उघडून शेलमध्ये दाबाने पाणी भरलं. शेकडो नळ्यांच्या तोंडांपैकी एकातून पाणी झिरपत होतं. दोन्ही टोकांना निमुळते प्लग ठोकून ती नळी बंद केली.

हीटरच्या नळीसारखी नाजूक जागा अंतराळातही असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या अमेरिकन भागात माणसांच्या बाजूला उष्णता वाहून नेणारं पाणी फिरतं आणि बाहेरच्या बाजूला विषारी अमोनिया. दोघं एका हीट एक्स्चेंजरच्या पातळ भिंतीशी एकमेकांना भेटतात. 14 जानेवारी 2015 ला अमोनिया आत येत असल्याचा इशारा मिळाला. बॅरी विल्मोर, टेरी व्हर्ट्स आणि सामान्था क्रिस्टोफोरेटी या अंतराळवीरांनी अमेरिकन भाग सोडला आणि ते रशियन भागात जाऊन दार लावून बसले. तिथे अलेक्झांडर समोकुत्याएव, येलेना सेरोवा आणि अँटोन श्काप्लेरोव होते. क्रायमियाच्या प्रश्नावरून अमेरिका आणि रशियाचे संबंध तेव्हा ताणलेले होते. एप्रिल 2014 मध्ये नासाने रशियाशी बहुतेक संपर्क थांबवला होता, पण स्थानकाचं काम त्यातून वगळलं होतं. इशारा पुढे खोटा ठरला, संगणकातल्या एका कार्डाचा दोष निघाला. पण त्या दिवशी सहाही जण रशियन भागात एकत्र राहिले. सरकारांचं भांडण मिटायची वाट त्यांना पाहावी लागली नाही, कारण अशा प्रसंगी कुणी काय करायचं हे आधीच ठरलेलं होतं.

आपल्या कारखान्यांत नेमकं हेच ठरलेलं नसतं. नळीच्या आतला रस प्रोसेसचा, बाहेरची वाफ इंजिनिअरिंगची. नळी आतून साफ करायची प्रोसेसने, बदलायची इंजिनिअरिंगने. ऑफ-सीझनमध्ये तिची दाबाखाली चाचणी कुणी घ्यायची, यावर दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. त्या कारखान्यात त्या हीटरची चाचणी याच कारणाने राहून गेली होती. दोघं चीफ त्यानंतर मित्र झाले, असं काही झालं नाही. पण घटनेचा अहवाल या वेळी एकच गेला, त्यावर दोन सह्या होत्या आणि एक्झॉस्टची घसरण, बॉडीतली लेव्हल, राहिलेली चाचणी, तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या होत्या.

माणसांचं एकमेकांशी पटावं, ही अपेक्षा चांगली आहे, पण कारखाना तिच्यावर चालवता येत नाही. प्रत्येक हीटरच्या, प्रत्येक बॉडीच्या चाचणीवर दोन्ही खात्यांची सही हवी. राखीव पाण्यावर बॉयलर चालवून गळती शोधण्याचा सराव हंगामाआधी दोघांनी मिळून करायला हवा. नव्याने लागलेल्या इंजिनिअरने काही आठवडे लॅबमध्ये आणि नव्या केमिस्टने बॉयलरवर काढायला हवेत. हे करायला खर्च जवळजवळ लागत नाही. आणि आपल्या खात्याची चूक आधी सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हा शब्द व्यवस्थापनाने द्यायला हवा. त्या रात्री दोन माणसांनी तो धोका स्वतःच्या हिमतीवर घेतला म्हणून गाळप थांबलं नाही. दर हंगामात अशा हिमतीवर विसंबून राहणं हा शेतकऱ्यांवर आणि त्या दोघांवरही अन्याय आहे.