‘अंधारी रात्र’ : ख्रिस्ती ध्यानमार्ग आणि क्रूसाच्या योहानाची कविता

समीक्षेच्या परिभाषेत काही शब्दप्रयोग असे असतात, की त्यांचे मूळ विसरले गेल्यावरच त्यांचा प्रसार होतो. ‘आत्म्याची काळरात्र’ हा असाच एक प्रयोग होय. आधुनिक कवीचे वैफल्य असो, कादंबरीतील नायकाची निराशा असो, की संतचरित्रातील तळमळीचा काळ असो, त्याला हे नाव सहज दिले जाते. ज्या स्पॅनिश कवितेतून ही प्रतिमा जगभर गेली, तिच्यात मात्र निराशा कोठेच आढळत नाही. जी व्याकुळता आहे ती प्रेमाची आहे. रात्रीच्या अंधारात घर सोडून प्रियकराकडे निघालेल्या अभिसारिकेचे ते आनंदगीत आहे. आनंदगीतातील रात्र दुःखाची संज्ञा कशी झाली, हा प्रश्न वरवर शब्दार्थाचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू गेले असता ख्रिस्ती ध्यानमार्गाच्या गाभ्याशीच जावे लागते.

‘मिस्टिसिझम’साठी मराठीत गूढवाद, गूढगुंजन, साक्षात्कारवाद असे निरनिराळे पर्याय वापरात आले. केशवसुतांच्या ‘झपूर्झा’सारख्या कवितांच्या चर्चेत ‘गूढगुंजन’ रूढ झाले आणि त्याबरोबरच अस्पष्टता हा या अनुभवाचा स्वभावच आहे, अशी समजूतही रुजली. ख्रिस्ती परंपरेत या शब्दाचा इतिहास वेगळा आहे. मूळ ग्रीक धातूचा अर्थ मिटणे, म्हणजे डोळे किंवा ओठ मिटणे, असा आहे. आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती लेखकांनी त्यापासून झालेले विशेषण धर्मग्रंथाच्या अंतरार्थाला आणि उपासनाविधींच्या आशयाला लावले. व्यक्तीच्या असाधारण अनुभवाचे वाचक असे स्वतंत्र नाम त्यापासून घडले ते सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये. तेव्हा आज ज्यांना ‘मिस्टिक’ म्हटले जाते त्यांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या मार्गाला एकच साधे नाव दिले होते : प्रार्थना.

या प्रार्थनेची घडण फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांची वचने व साधना योहान कासियन याने पुढील शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये ग्रथित केली. स्तोत्रसंहितेतील सत्तराव्या स्तोत्राचा आरंभीचा धावा अखंड मनात घोळवीत राहावे, ही त्यांपैकी एक साधना. पुढे बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीने मठवासीयांच्या दिनक्रमात पवित्र वाचनाला निश्चित स्थान दिले. बाराव्या शतकात दुसरा ग्वीगो या कार्थूसियन मठाधिपतीने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान. भारतीय वाचकाला येथे श्रवण, मनन व निदिध्यासन ही त्रयी आठवल्यावाचून राहणार नाही. परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. ग्वीगोच्या शिडीवर मननानंतर प्रार्थना येते; म्हणजे विचार करणारा साधक तेथे याचक होतो. चौथी पायरी त्याला स्वतःच्या बळावर चढता येत नाही. ती कृपेने लाभते. प्रयत्न आणि कृपा यांच्यातील हा सांधा हेच ख्रिस्ती ध्यानमार्गाचे मर्मस्थान होय.

अंधाराची प्रतिमाही याच परंपरेत वाढली. चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीने मोशेच्या चरित्राचा अर्थ लावताना एक विलक्षण क्रम दाखविला. मोशेला ईश्वर प्रथम जळत्या झुडपाच्या प्रकाशात भेटतो, मग मेघात, आणि अखेर सीनाय पर्वतावरील निबिड अंधारात. जवळीक वाढते तसा प्रकाश ओसरतो. इ. स. ५०० च्या सुमारास पौलाच्या अथेन्समधील शिष्याचे, डायोनिसियसचे, नाव धारण करून लिहिणाऱ्या एका ग्रीक ग्रंथकाराने पाच छोट्या अध्यायांत हाच विचार टोकाला नेला. ईश्वराविषयी जे जे विधान करावे ते ते नाकारावे लागते, आणि शेवटी तो नकारही अपुरा ठरतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. चौदाव्या शतकातील एका अनामिक इंग्रज लेखकाने या लहानशा ग्रंथाचे भाषांतर केले आणि ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ हे स्वतःचे पुस्तकही लिहिले. त्याचा उपदेश अगदी व्यवहारी आहे : एकाक्षरी असा एखादा छोटा शब्द घ्यावा, तो हृदयाशी बांधावा, आणि प्रत्येक विचार, मग तो कितीही पवित्र असो, विस्मृतीच्या ढगाखाली लोटावा. बुद्धीला जो सापडत नाही तो प्रेमाला सापडू शकतो, हा त्यामागचा विश्वास आहे.

सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये या परंपरेला देशी भाषेतील दोन असामान्य लेखक मिळाले. त्यांतील पहिली आविलाची तेरेसा (१५१५–१५८२). प्रार्थनेच्या अवस्था समजावण्यासाठी तिने आत्मचरित्रात बागेला पाणी देण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत. पहिल्या रीतीत विहिरीतून पाणी शेंदावे लागते. कष्ट फार आणि पाणी थोडे. दुसरीत रहाट फिरतो. श्रम कमी होतात. तिसरीत ओढ्याचे वा नदीचे पाणी आपोआप वाहत येते. माळ्याने फक्त त्याला वाट करून द्यायची. चौथीत पाऊस पडतो. पाणी सर्वत्र एकच. कमी होत जातात ते माणसाचे श्रम. १५७७ साली लिहिलेल्या ‘अंतरीचा किल्ला’ या ग्रंथात तिने हेच सात महालांच्या रूपकाने अधिक विस्ताराने मांडले. पण विहीर कोरडी पडली आणि पाऊसही आला नाही, तर माळ्याने काय करावे? या मधल्या रुक्ष काळाचे सर्वांत सूक्ष्म विवेचन तेरेसाच्या तरुण सहकाऱ्याने केले. तोच क्रूसाचा योहान, स्पॅनिश नावाने हुआन दे ला क्रूस (१५४२–१५९१).

योहान विणकराच्या दरिद्री घरात जन्मला. कार्मेल संघात प्रवेश करून त्याने सालामांकाच्या विद्यापीठात अध्ययन केले. १५६७ मध्ये त्याची व तेरेसाची भेट झाली आणि संघाच्या सुधारणेचे कार्य त्याने अंगीकारले. या सुधारणेला विरोध करणाऱ्या संघबंधूंनीच डिसेंबर १५७७ मध्ये त्याला धरून तोलेदो येथील मठात कोंडले. सुमारे दहा फूट लांब व सहा फूट रुंद अशा अंधाऱ्या कोठडीत त्याने जवळजवळ नऊ महिने काढले. ‘आध्यात्मिक गीत’ या त्याच्या दीर्घ कवितेची बहुतेक कडवी तेथेच रचली गेली. तिची प्रतिमासृष्टी बायबलमधील ‘गीतरत्ना’ची आहे. ऑगस्ट १५७८ मधील एका रात्री पांघरुणांच्या पट्ट्या एकमेकींना बांधून तो खाली उतरला आणि निसटला. ‘अंधारी रात्र’ ही कविता त्यानंतर लवकरच लिहिली गेली.

कविता अवघ्या आठ कडव्यांची आहे. गार्सिलासोने स्पॅनिशमध्ये रूढ केलेल्या पाच ओळींच्या ‘लिरा’ छंदात ती रचली आहे. पहिल्या चार कडव्यांत वेष पालटून, गुप्त जिन्याने, घर निजलेले असताना नायिका बाहेर पडते. तिच्या हृदयातील ज्योतीखेरीज तिला दुसरा दिवा नसतो. पाचव्या कडव्यात ती रात्रीलाच धन्यवाद देते, कारण प्रिया आणि प्रियकर यांना एकरूप करणारी तीच. उरलेली तीन कडवी मीलनाची आहेत : निजलेला प्रियकर, देवदारांतून येणारा वारा, आणि सर्व चिंता कमळफुलांसारख्या शुभ्र फुलांत विसरून गेलेली नायिका. या सबंध कवितेत ईश्वराचे नाव एकदाही येत नाही.

या कवितेवर योहानाने दोन गद्य भाष्ये लिहिली : ‘कार्मेल पर्वताची चढण’ आणि ‘अंधारी रात्र’. वेदनेचे वर्णन आहे ते येथे. त्याच्या मते रात्र दुहेरी आहे. एक इंद्रियांची, दुसरी आत्म्याची. आणि प्रत्येकीत एक भाग साधकाने स्वतः करावयाचा, तर दुसरा त्याच्या ठायी घडून येणारा. आत्म्याच्या रात्री साधकाला वाटते की ईश्वराने आपला त्याग केला आहे. योहानाचे निदान याच्या नेमके उलट आहे. हा अंधार अतिप्रकाशाचा आहे. सूर्याकडे थेट पाहणाऱ्या डोळ्यापुढे जशी काळोखी येते, तशी दुर्बळ आत्म्यापुढे ईश्वराच्या सान्निध्याने येते. त्याचा दुसरा दृष्टांत लाकडाचा आहे. आग प्रथम ओल्या लाकडातील पाणी बाहेर काढते, त्याला काळे व कुरूप करते, धुराने कोंदटवते. मग तेच लाकूड आग होते. काळे करणारी आणि उजळणारी आग एकच.

यावरून कोणतीही उदासीनता म्हणजे ‘रात्र’ असे मात्र योहान मानत नाही. त्याने तीन खुणा दिल्या आहेत. साधकाला ईश्वरी गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगातील कोणत्याही अन्य वस्तूतही वाटत नाही. आपण मागे पडत आहोत या जाणिवेने त्याचे मन सतत ईश्वराकडेच व्यग्र असते. आणि प्रयत्न करूनही त्याला पूर्वीप्रमाणे कल्पनेने मनन करता येत नाही. तिन्ही खुणा एकत्र असतील तरच ही अवस्था मननाकडून निःशब्द ध्यानाकडे जाण्याची समजावी. एरवी ती आळसाची किंवा शरीराच्या व्याधीची असू शकते. खुणा पटल्या तर काय करावे, याविषयीचा त्याचा सल्ला थोडक्यात असा : बळाने मनन करू नये, शांत, प्रेमपूर्ण अवधानात राहावे. अनुभवाच्या भव्यतेपेक्षा त्याची पारख येथे अधिक मोलाची मानली आहे. दर्शने, दिव्य वाणी, सुगंध यांना योहान जवळजवळ थाराच देत नाही.

येथे समीक्षेला एक कठीण प्रश्न पडतो. कविता आनंदाची आणि भाष्य यातनेचे, मग अर्थ कोणाचा ग्राह्य धरावा? दोन्ही भाष्ये अपुरी राहिली आहेत. दुसरे भाष्य तिसऱ्या कडव्याच्या आरंभाशीच थांबते. मीलनाच्या कडव्यांवर ते पोचतच नाही. त्यामुळे केवळ भाष्य वाचणाऱ्याच्या हाती रात्रीचा पूर्वार्धच येतो, आणि ‘काळरात्र’ या संज्ञेला चिकटलेला विषाद बहुधा तेथूनच आला आहे. उलट केवळ कविता वाचणाऱ्याला ते एक उत्कट प्रेमगीत वाटेल आणि त्या आनंदाची किंमत त्याला कळणार नाही. ‘आध्यात्मिक गीता’च्या प्रास्ताविकात योहानाने स्वतःच सांगून ठेवले आहे की प्रेमातून आलेल्या उद्गारांचा अर्थ व्यापकच राहू द्यावा आणि वाचकाने त्याच्या विवेचनाशी बांधून घेण्याचे कारण नाही. आपल्या कवितेचा अंतिम अर्थ सांगण्याचा अधिकार कवीनेच सोडून दिला आहे.

मराठीच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील साक्षात्कारवादावरील इंग्रजी ग्रंथात गुरुदेव रा. द. रानडे यांनी तुकारामांच्या आध्यात्मिक चरित्रातील तळमळीच्या कालखंडाला ख्रिस्ती परंपरेतील हीच संज्ञा लावली. ईश्वराचे शांत व प्रेमपूर्ण चिंतन हे रानड्यांनी साक्षात्कारी वृत्तीचे लक्षण मानले होते, आणि ते योहानाच्या ‘प्रेमपूर्ण अवधाना’च्या इतके जवळ आहे की ही तुलना त्यांना सुचणे स्वाभाविक होते. तिने तुकारामांचे अभंग जगातील साक्षात्कारी साहित्याच्या पंक्तीत वाचण्याची वाट मोकळी केली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि ही तुलना काव्याच्या पातळीवर आणली, की एक महत्त्वाचा भेद समोर येतो. तुकारामांचा अंधार अभंगातच बोलतो. तेथे विठ्ठलाशी भांडण आहे, रुसवा आहे, आपल्या अपात्रतेची जाहीर कबुली आहे. देव समोर नाही म्हणूनच त्याला हाक मारली जाते. योहानाच्या कवितेत हाक नाही, कारण ती रात्र संपल्यावर मागे वळून पाहणाऱ्याची कविता आहे. एकाची वाणी अंधाराच्या आत उभी आहे, दुसऱ्याची अंधाराच्या पलीकडे. तुकारामांना भाष्यकाराची गरज पडली नाही. त्यांच्या गाथेत ज्योत आणि धूर एकत्रच आहेत. योहानाने ज्योत कवितेत ठेवली आणि धूर गद्यात. तेव्हा दोघांना एकच संज्ञा लावताना ती अनुभवाला लावली आहे की उद्गाराला, हे समीक्षकाने स्पष्ट केले पाहिजे. अनुभवांची तुलना साधकांनी करावी. उद्गारांची तुलना करणे हे साहित्यशास्त्राचे काम आहे.

योहानाच्या लेखनाचे पहिले मुद्रण १६१८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी झाले. ‘आध्यात्मिक गीत’ त्यातून वगळले होते. ते १६२२ मध्ये पॅरिसला प्रथम फ्रेंच भाषांतरात छापले गेले आणि मूळ स्पॅनिशमध्ये १६२७ साली ब्रुसेल्सला. विसाव्या शतकात टी. एस. एलियटने ‘ईस्ट कोकर’ (१९४०) मध्ये ‘कार्मेल पर्वताच्या चढणी’तील विरोधाभासांचा उपयोग केला, तेव्हा इंग्रजी काव्याच्या अनेक वाचकांना योहानाची वाट दिसली. पण तीही भाष्याची वाट होती. कवितेपर्यंत जाणाऱ्याला तेथे वेगळीच रात्र भेटते : जिने दार उघडून दिले, जिच्यात कोणी पाहत नव्हते म्हणून जाता आले, आणि जी पहाटेहूनही प्रिय वाटली. ख्रिस्ती ध्यानमार्गाने अंधाराला दिलेला अर्थ हा आहे, आणि ‘काळरात्र’ हा शब्द उच्चारताना तो विसरला जाऊ नये.