नजरअंदाज, नजरसानी आणि पन्नास पैसे

सप्टेंबर संपत आला की बुलढाणा जिल्ह्यात एक बातमी ठरलेली असते : खरिपाची नजरअंदाज पैसेवारी जाहीर. मराठी वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. उर्दू माध्यमाचा मुलगा मात्र अडखळतो. उर्दूत ‘नजरअंदाज करना’ म्हणजे दुर्लक्ष करणे. सरकारने पिकाकडे दुर्लक्ष केले आणि वर ते जाहीरही केले? फारसीत ‘अंदाज’चा एक अर्थ टाकणे, फेकणे असाही आहे, तिरंदाजातला अंदाज तोच. उर्दूने नजरेबाहेर टाकणे घेतले, मराठीने नजरेने अंदाज बांधणे. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हा घोटाळा आमच्या वर्गात दरवर्षी निघतो, आणि इंग्रजीच्या तासाला तो फार कामाला येतो.

वडीलधारी माणसे अजून ‘आणेवारी’च म्हणतात. रुपयाचे सोळा आणे, तसे भरघोस पीक सोळा आणे. 1957 साली दशमान नाणी आली आणि आण्यांचे पैसे झाले. नेहमीचे उत्पन्न शंभर पैसे धरायचे आणि यंदाचे त्याच्या किती पैसे ते काढायचे. पन्नासच्या आत आले तर जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ अशा गोष्टींची वाट मोकळी होते. आता दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाची चित्रे हेही पाहतात. पण पारावर आजही पहिला प्रश्न ‘पन्नासच्या आत की वर?’ हाच असतो.

ही पैसेवारी आपल्याकडे तीनदा निघते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. इंग्रजी क्रियापदे शिकवायला यापेक्षा चांगला धडा आम्हाला पुस्तकात सापडलेला नाही. सप्टेंबरात सोयाबीन उभे असते, शेंगा पाहून आकडा धरायचा : हे एस्टिमेट. ऑक्टोबरात ऐन सोंगणीला पाऊस कोसळला, गंजीतल्या शेंगांना कोंब फुटले, तर आधीचा आकडा चालत नाही. पुन्हा पाहायचे, पुन्हा ठरवायचे : हे रीअसेस. शेतातला ठरावीक मापाचा तुकडा आखायचा : हे मेजर. त्यातले पीक कापून, मळून दाणे काट्यावर घालायचे : हे वे. त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढायचे : हे कॅल्क्युलेट. मुले या सगळ्याला सरसकट मेजर लिहितात, कारण डोक्यात ‘नापना’ किंवा ‘मोजणे’ हा एकच शब्द असतो. पण बांधावरून पाहिलेले आणि काट्यावर घातलेले एकच कसे? या फरकावर शेतकऱ्याची सूट अडते.

असेस या शब्दाची गंमत वेगळी. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ शेजारी बसणे. न्यायाधीशाशेजारी बसून कर किती घ्यायचा ते ठरवणाऱ्यावरून तो आला. म्हणजे आपली ‘आकारणी’. मेजर केल्यावर माप हाती येते. असेस केल्यावर त्या मापावरचा निर्णय. उर्दूत यासाठी ‘जायजा लेना’, एस्टिमेटला ‘तखमिना’, आणि रीअसेसला फार देखणा शब्द आहे, ‘नजरसानी’. सानी म्हणजे दुसरा. दुसऱ्यांदा टाकलेली नजर. मुलांना तो घरातूनच ठाऊक असतो, फक्त इंग्रजीशी जोडून द्यावा लागतो. जाता जाता : एस्टिमेटपुढे ‘अबाउट’ लावू नये. ‘वी एस्टिमेटेड द क्रॉप’ एवढे पुरे.

दुसऱ्या नजरेने किती फरक पडतो ते आपल्या लोणारला पाहावे. विवराचा व्यास मोजता येतो, सुमारे 1.8 किलोमीटर. वय मात्र मोजपट्टीने कळत नाही. 1990 च्या दशकात एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षे निघाले आणि बरीच वर्षे तेच सांगितले गेले. 2011 मध्ये खडकातल्या अरगॉन वायूवरून पुन्हा हिशेब झाला, तेव्हा आकडा आला सुमारे 5 लाख 70 हजार. विवर तेच, खडक तेच. पहिल्या शास्त्रज्ञांना कोणी खोटे म्हटले नाही. एस्टिमेटच्या पोटात रीअसेस असतेच.

घरोघरी हा फरक दहावी-बारावीच्या निकालानंतर आडवा येतो. बोर्डाकडे दोन वेगळे अर्ज असतात. गुणपडताळणीत प्रत्येक उत्तराला गुण दिले आहेत का आणि बेरीज बरोबर आहे का एवढेच पाहतात. इंग्रजीत हे व्हेरिफाय. उत्तर पुन्हा वाचून गुण नव्याने ठरवायचे असतील तर पुनर्मूल्यांकन, आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. दरवर्षी कितीतरी अम्मी-अब्बा पहिला अर्ज भरतात आणि दुसऱ्याची अपेक्षा ठेवतात. ‘गुणांत बदल नाही’ असे उत्तर येते तेव्हा पेपर कोणी नव्याने वाचलेलाच नसतो, आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत बहुधा उलटत आलेली असते. म्हणून निकालाच्या आठवड्यातच छायाप्रत मागवावी, ती विषयशिक्षकांना दाखवावी, आणि मग कोणता अर्ज भरायचा ते ठरवावे.