पोरीला नर्सिंगला घालताय? आधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की ओतूरच्या वस्तीतल्या आया आम्हाला गाठतात. "ताई, सहा महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स आहे म्हणे. पोरीला घालू का?" आम्ही एवढेच विचारतो, "कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते का?" बहुतेकींना उत्तर ठाऊक नसते.

अशाच एका आईने कांद्याच्या मजुरीतून साठवलेले पैसे एका खाजगी संस्थेत भरले. मुलीला प्रमाणपत्र मिळाले. त्यावर फोटो होता, शिक्काही होता. पण नोंदणी होईना, आणि नोंदणीशिवाय सरकारी भरतीचा अर्जही भरता येईना. ती मुलगी आज पुन्हा आईबरोबर कांदा काढायला जाते. पोरगी हुशार आहे. तिला वेळेवर सांगणारे कोणी नव्हते, इतकेच.

म्हणून नीट लक्षात ठेवा. ए.एन.एम. दोन वर्षांचा कोर्स आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. जी.एन.एम. तीन वर्षांचा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, त्याला बारावी विज्ञान लागते. पैसे भरण्याआधी संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. संस्थेच्या माणसाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. घरच्या सुनेला गावातच काम हवे असेल तर 'आशा'ची वाट आहे. तिची निवड गावातूनच होते आणि प्रशिक्षण सरकार देते. मात्र तिथे पगार नाही. मानधन आणि कामानुसार मोबदला मिळतो, हे समजूनच जा.

कागदांची तयारी अकरावीतच सुरू करा. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला. पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधायलाच महिने जातात. १९९० पासून बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेची चौकशी करा.

पण नुसत्या कागदावर हे काम येत नाही. आरोग्याच्या कामातला मोठा भाग लोकांना पटेल असे सांगण्याचा आहे, आणि ते वस्तीतच शिकता येते. आम्ही विहारात मुलींना बायकांसमोर उभे करतो. एकदा एक मुलगी म्हणाली, "सर्पदंश झाल्यास प्रतिसर्पविष घ्यावे." बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. आम्ही म्हटले, "तुझ्या आजीला सांगतेस तसे सांग बरं." मग ती म्हणाली, "साप चावला तर दोरी आवळू नका. चिरा देऊ नका. भगताकडे वेळ घालवू नका. चावलेला पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. त्यावरचं औषध तिथंच मिळतं." मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "अन् मिरची खायला घालून बघायचं नाही का?" मुलगी हसली नाही. "नाही आजी, त्यात वेळ जातो आणि माणूस जातो," एवढेच बोलली. शेवटी तिने आजींनाच सगळे पुन्हा सांगायला लावले. ऐकणाऱ्याला परत सांगता आले, तरच आपले सांगणे पोचले असे समजावे.

ही रीत नवी नाही. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, अनेकींनी शाळा पाहिली नव्हती. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्याच हाताने पुढे गावची बाळंतपणे झाली. आपल्या पोरी तर बारावी झालेल्या आहेत.

तेव्हा आई-बाबांनो, मुलीला दर रविवारी विहारात पाठवा. पाळी, जुलाब, क्षय, साप असा एकच विषय घेऊन दहा मिनिटे बोलू द्या. आशाताईंबरोबर चार घरे फिरू द्या. आणि कुठेही पैसे भरण्याआधी आमच्याकडे या. संस्थेची मान्यता आपण मिळून तपासू.

जयभीम.