पंपाला 75 ग्रॅम

तलासरीच्या एका किराणा दुकानात, पाठीवर फवारणीचा पंप अडकवलेला एक शेतकरी खाण्याचा सोडा मागत होता. औषधाच्या दुकानात न जाता हा इथे कसा, म्हणून त्याच्यासोबत वाडीवर गेलो.

शेजारचं डहाणू म्हटलं की लोकांना चिकूच आठवतो. 2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर जास्तच. मांडवावरच्या काकडीला कोण विचारतो? थंडी पडली की तिच्यावर भुरी ही पांढरी बुरशी येते. बहुतेक बुरशींना ओलं पान लागतं, हिला रात्रीचा गारवा आणि हवेतला दमटपणा पुरतो.

भुरीवर सोड्याची फवारणी घरधनीण करणार होती. ‘‘पंपाला 75 ग्रॅम. वर चिमूटही नको,’’ तिनं नवऱ्याला बजावलं. पंप 15 लिटरचा, म्हणजे लिटरला 5 ग्रॅम. मागे अंदाजानं मूठभर टाकला तेव्हा पानांच्या कडा करपल्या होत्या. सोडा विरघळवला, पानावर पसरावा म्हणून थोडं साबणाचं पाणी घातलं. मग तिनं एक पान उलटं करून अंगठा फिरवला. अंगठा पांढरा झाला. ‘‘वरून मारून काय होतंय? ही खालूनपण बसते.’’ नोझल खालून वर धरून ती एकेक वेल भिजवत निघाली. फवारा माझ्याही अंगावर आला, तरी नाकाला काही कळेना. औषधांचा उग्र दर्प ठाऊक असलेल्याला हे नवलच.

सोड्यामुळे पानावर बुरशीला नकोसा अल्कधर्मीपणा येतो आणि तिचे तंतू आकसतात. पण जिथे पाणी लागलं तिथेच. पानाच्या आत तो शिरत नाही, पावसानं धुऊन जातो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉर्स्ट यांनी 1992 साली गुलाबावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनीही सोड्याला तेलाची जोड दिली होती. याला रामबाण म्हणणाऱ्यांनी एकदा भरलेला पंप पाठीवर घेऊन मांडवाखाली वाकून बघावं. सोडा स्वस्त आहे, बाईची मेहनत नाही.

खाडीलगतच्या खारट जमिनीत सोडियमची भर नको; तिथे महाग पडलं तरी पोटॅशियम बायकार्बोनेट बरं. दुकानात खाण्याचाच सोडा मागा, धुण्याच्या सोड्यानं पान जळतं. आणि निम्मा वेल पांढरा होईपर्यंत थांबू नका. पहिला ठिपका दिसला की पंपाला 75 ग्रॅम, ऊन उतरल्यावर, आधी दोनच वेलींवर मारून बघा.