खड्डा भरला तर उपसणार कोण?

संडास बांधून झाले म्हणजे गाव स्वच्छ झाले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु बांधलेल्या संडासात सरपण व गोवऱ्या रचून ठेवलेल्या आणि घरची माणसे पूर्वीप्रमाणेच पहाटे शिवाराकडे निघालेली दिसली, म्हणजे काम अर्धेच झाले आहे हे ध्यानात येते. कारण विचारता उत्तर बहुधा एकच मिळते : "खड्डा भरला तर उपसणार कोण?"

ही शंका रास्त आहे. मैला उपसण्याचे काम पिढ्यान् पिढ्या काही जातींवर लादले गेले. २०१३ च्या कायद्यान्वये असे काम कोणाकडून करवून घेणे हा गुन्हा आहे. तेव्हा या शंकेचे निरसन झाल्याखेरीज लोकांची सवय बदलणार नाही.

दोन खड्ड्यांचा संडास हे त्यावरील उत्तर होय. भांड्याकडून येणारी नळी एका लहान कुंडीत उतरते व तेथून दोन खड्ड्यांकडे दोन फाटे जातात. एका वेळी एकच फाटा चालू ठेवावयाचा असतो. खड्ड्याच्या भिंतीत विटांची जाळी सोडावी व तळ मातीचाच ठेवावा, म्हणजे पाणी जमिनीत मुरते. पहिला खड्डा भरला की फाटा बदलावा आणि तो खड्डा निदान दोन वर्षे बंद ठेवावा. एवढ्या अवधीत रोगजंतू नाश पावून मैल्याचे मातीसारखे, दुर्गंधीरहित खत होते. यालाच आपण सोनखत म्हणतो. विहिरीजवळ मात्र खड्डा कदापि घेऊ नये.

कोकणात कणकवली येथील गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी अशा खताचे प्रयोग फार पूर्वीच केले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली गावी केंद्र व निरनिराळ्या राज्यांच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी खड्ड्यात उतरून असे खत स्वतः बाहेर काढले. शंभर व्याख्यानांनी जे साधत नाही, ते अशा एका कृतीने साधते.

ग्रामसेवक बंधूंनी हाच मार्ग अनुसरावा. गावातील पहिला पक्व खड्डा ग्रामसभेच्या दिवशी सर्वांसमक्ष उघडावा. पहिले फावडे सरपंचांनी व आपण मारावे. खत फळझाडांच्या आळ्यात घालावे व काम संपताच साबणाने हात धुवावेत. स्त्रियांनाही अगत्याने बोलवावे, कारण उघड्यावर जाण्याचा जाच त्यांनाच अधिक सोसावा लागतो. ज्या खड्ड्याची घृणा वाटत होती, त्यातून आपल्याच शेताचे खत निघते हे एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे संडासातील सरपण आपोआप बाहेर येईल.